खाली कोण?

डेपोच्या तळघरात रात्रीचे दहा वाजून गेले होते. वर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला होता, आणि आकाशात ड्रोन आहेत तोवर दुरुस्तीच्या गाडीने फाटकाबाहेर चाक काढायचं नाही असा नियम. म्हणून सगळी टोळी शेगडीभोवती चहा घेत बसलेली. नवीन भरती झालेला मार्क्यान तेवढा फणफणत होता.

“दारोदार हिंडून लोकांचे मेन स्विच बघायचे, हे लाइनमनचं काम आहे का? आज तर मला साहेबांच्या घरी पाठवलं! साहेबांना काय स्विच खाली करता येत नाही? वर त्यांच्या सासूने चार गोष्टी ऐकवल्या त्या वेगळ्याच.”

“चारच? मग बाईंना बरं नसेल,” उल्याना म्हणाली. तीही त्याच्याच तुकडीतली, शिकाऊ.

पिलिप आजोबा हसले नाहीत. ते डेपोचे जुने ट्रक ड्रायव्हर. एरवी टिंगल करायला पहिले, पण आज त्यांनी कप खाली ठेवला.

“साहेबांच्या घरी जायचंच, पोरा. आणि लाइनमनच्या घरी सगळ्यांच्या आधी. का ते सांगतो. मधे मधे बोलायचं नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली, त्याने याच बाकावर बसून मला सांगितली. खांबावर चढायचा पट्टा परत करायला आला होता तो, शेवटचा.”

आणि आजोबांनी सुरुवात केली.

तळ्यापलीकडचं क्रिव्हा बाल्का माहीत आहे ना? तिथे आपला लाइनमन ओमेल्यान राहायचा. गावातला शेवटचा रस्ता, त्यावरचं शेवटचं घर. बायको-पोरं पोलंडला, हा एकटा. गेल्याच्या गेल्या वर्षी, सोळा जानेवारीची रात्र. गावात वीज नव्हती. संध्याकाळी पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला, त्यामुळे झाडं, कुंपणं, खांब, सगळ्यांवर काचेची साल चढलेली. साडेनऊच्या सुमाराला ओमेल्यानला फोन आला. ओरिस्याचा.

“कुम, झोपला नाहीस ना? उद्याला जनरेटर देशील का रे तुझा? चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे. पन्नास माणसं येतील, अंधारात कसं रांधू?”

“देतो की.”

“आत्ताच आणून टाक ना. पहाटेपासून चूल पेटवायचीय. अकराला कर्फ्यू लागतो, त्याच्या आत जाऊन येशील.”

“आणतो,” ओमेल्यान म्हणाला.

साधं काम. जनरेटरमधलं पेट्रोल काढलं, तो गाडीमागच्या ट्रेलरवर चढवला, दोरीने आवळला, निघाला. तळ्याचा बांध ओलांडायचा, गिरणीवरून वळायचं, की ओरिस्याचं घर. दहा मिनिटांचा रस्ता.

आता ही ओरिस्या कोण? लेव्हकोची बायको. लेव्हको आपलाच लाइनमन. हसरा, गोरापान, गाणं म्हणतच खांबावर चढायचा. त्याच्या पोरीचा धर्मपिता ओमेल्यान, म्हणून तो आणि हे नवरा-बायको एकमेकांना ‘कुम’ म्हणायचे. आपल्यात कुम म्हणजे भावाहून थोडा जवळचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो लेव्हको नऊ डिसेंबरला गेला. ओमेल्यानच्या घरासमोरच्या खांबावर.

त्या दिवशीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आदल्या आठवड्यात मोठा मारा झाला होता. ओमेल्यानने दोन रात्री खांबांवरच काढल्या. साहेबांनी त्याला घरी हाकललं. झोप नाही तर चढणं नाही, हा आपला नियम. घरी येऊन तो बुटांसकट आडवा झाला. उठला तेव्हा अंधारून आलेलं, घर गारठलेलं आणि फोन मेलेला. बायको रोज त्या वेळेला फोन करते. उचलला नाही तर तिकडे तिचा जीव खालीवर. मग याने जनरेटर सुरू केला.

जनरेटर घराला कसा जोडायचा? आधी मेन स्विच खाली पाडायचा, मग जोडायचा. नाहीतर आपल्या घरातली वीज उलटी बाहेर रस्त्याच्या तारेत शिरते. खांबावर माणूस असला, तर संपला. गावोगाव सभा घेऊन हे कोण शिकवायचा? ओमेल्यान! दोन्ही टोकांना पिना असलेल्या त्या वायरी लोक घरीच बनवतात ना, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीत… त्या जप्त करायचा हा. ‘ही वायर नाही, शवपेटीचा खिळा आहे’ म्हणायचा. आणि जप्त केलेल्यातली एक घरी ठेवून घेतली होती पठ्ठ्याने. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

“आणि मेन?” उल्यानाने विचारलंच.

मेन स्विच ओसरीवर. बाहेर थंडी. हा झोपेतून उठलेला. आणि याला वाटलं, तार तर शेजारच्या मोत्र्या आजीच्या फाटकापुढे तुटून पडलीय. पुढे काही जोडलेलंच नाही, मग कुणाला काय होणार? अडाण्याला हे सुचलं नसतं. त्याने भीतीने स्विच पाडला असता. पण लाइनमनला माहीत होतं ना, तार कुठे तुटलीय ते! फक्त ती तुटलेली तार जोडायला टोळी आत्ता, या घटकेला, दारात येऊन ठेपलीय हे माहीत नव्हतं.

खांबावर लेव्हको होता, खाली नेस्तोर. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वरचा विचारतो, ‘खाली कोण?’ खालच्याने आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, ‘बंद आहे, मी सांगतो.’ नाव सांगितल्याशिवाय वरचा हात लावत नाही. नेस्तोरने नाव सांगितलं. लेव्हकोने टेस्टर लावून बघितला. तार थंड. मग अर्थिंग अडकवायला त्याने हात पुढे केला… आणि इकडे घरात ओमेल्यानचा दिवा लागला.

नेस्तोरच्या किंकाळीनेच ओमेल्यानला कळलं. त्याने जनरेटर बंद केला. वायर उपटून चुलीत घातली. जाता जाता मेन स्विच खाली पाडला. आणि मग धावला. लेव्हकोला खाली उतरवल्यावर त्याची छाती दाबत राहिला, रुग्णवाहिका येईपर्यंत. हात सोलवटले. लोक म्हणाले, कुम असावा तर असा.

त्या तुटक्या तुकड्यावर घरं दोनच उरली होती. ओमेल्यानचं आणि मोत्र्या आजीचं. चौकशी झाली. आजीला पुतण्याने जनरेटर घेऊन दिलेला. विचारलं तिला, ‘मेन पाडला होता का?’ म्हातारी म्हणाली, ‘पाडला होता… पाडला असेल… भोंगा झाला, मी तळघरात पळाले… देवा, आठवत नाही रे.’ झालं! ओमेल्यानला कुणी विचारलंच नाही. त्याला काय विचारायचं? तो तर गावाला शिकवणारा! आणि तो मूग गिळून बसला.

म्हातारीला वयाकडे बघून सोडून दिलं. पण गाव कुठे सोडतंय? दुकानात ती शिरली की बायका बाहेर पडायच्या. पोरं फाटकावर चिखल मारायची. तिने जनरेटर देऊन टाकला, मेणबत्तीवर आली. सकाळी विहिरीवर गाठ पडली की ओमेल्यानला म्हणायची, ‘तुझा कुम मारला रे मी, मला क्षमा कर.’ आणि हा… हा म्हणायचा, ‘जाऊ दे आजी.’ ऐकलंत? क्षमा करायचा हा तिला! मला सांगताना इथे त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं.

तर, सोळा जानेवारीची रात्र.

घरातून निघालं की पहिला लागतो तो खांब. ओमेल्यान तिथून नेहमी मान खाली घालून जायचा. त्या रात्रीही तसाच गेला. बांध ओलांडला. गिरणी आली. गिरणीवरून वळला, आणि मागे आवाज ऐकू आला.

जनरेटरचा.

ट्रेलरवर तो चालू होता. धडधड, धडधड. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता! ओमेल्यानने गाडी थांबवली, उतरला, मागे गेला. आवाज बंद. हात लावला तर लोखंड बर्फासारखं. दोरी तशीच आवळलेली.

‘झोप नाही, म्हणून होतंय,’ तो स्वतःशी म्हणाला. पुन्हा गाडीत बसला. समोर आता ओरिस्याचं कुंपण दिसायला हवं. दिव्याच्या उजेडात कुंपण आलं. हिरवं. त्यावर चिखलाचे गोळे.

मोत्र्या आजीचं फाटक.

समोर तो खांब.

“चकवा,” मार्क्यान हळूच म्हणाला.

चकवाच. गाडी वळवली. पुन्हा बांध. पुन्हा गिरणी. या वेळी वळण नीट बघून घेतलं, तोंडाने म्हणत गेला, ‘ही गिरणी, हा उतार, आता ओरिस्याचं घर.’ मागे धडधड सुरूच. थांबला नाही. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. कुंपण आलं.

हिरवं.

तिसऱ्यांदा तर त्याने बांधापर्यंतसुद्धा गाडी नेली नसेल. इंजिन बंद पडलं. दिवे गेले. मागची धडधडही थांबली.

शांत. इतकं शांत की झाडांवरचा बर्फ तडकताना ऐकू येत होता. ओमेल्यान उतरला. का उतरला ते त्यालाही सांगता येईना. खांबापासून दहा-बारा पावलांवर उभा राहिला. अंधारात वर काही दिसत नव्हतं. पण वर कुणीतरी होतं. पट्ट्याचं चामडं करकरलं. बुटांच्या लोखंडी नख्या लाकडात रुतल्या. आपल्याला तो आवाज झोपेतसुद्धा कळतो.

मग वरून…

“खाली कोण?”

आवाज ओळखीचा. दमलेला. रागावलेला नाही, पोरांनो. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं ओमेल्यान म्हणाला.

“खाली कोण?”

 नाव सांगायचं म्हणजे पुढचं वाक्य आलंच. बंद आहे, मी सांगतो. कुठल्या तोंडाने सांगणार?

“खाली… कोण?”

तेवढ्यात आजीच्या घराचं दार वाजलं. म्हातारी बाहेर आली. अंगावर शाल, हातात मेणबत्ती. घसरत, कुंपणाला धरत धरत खांबाखाली आली. ओमेल्यान अंधारात होता, तिला दिसला नाही. तिने वर तोंड केलं.

“मी आहे रे बाळा. मोत्र्या. माझीच चूक. म्हातारं डोकं, विसरलं. उतर आता खाली. गारठशील.”



मग पुन्हा, तसंच…

“खाली कोण?”

म्हातारी रडायला लागली. “रोज तेच विचारतोस! रोज सांगते ना नाव! आणखी काय सांगू रे? आणखी कसं सांगू?”

ओमेल्यानच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. रोज. नऊ डिसेंबरपासून रोज रात्री ही म्हातारी त्या प्रश्नाला उठत होती. त्याच्या ऐवजी. शेजारच्या घरात हा उशीत तोंड खुपसून ‘वारा आहे, वारा आहे’ म्हणत पडायचा. त्यालाही ऐकू यायचं, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो पुढे आला. मेणबत्तीच्या उजेडात.

“अगंबाई,” आजी दचकली. “ओमेल्यान? तुला पण ऐकू आलं?”

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. वरही बघितलं नाही. खांबाच्या बुंध्याकडे बघत बोलला.

“ओमेल्यान.”

वर… काही नाही.

“खाली मी आहे, लेव्हको. ओमेल्यान. बंद नव्हतं. माझ्या घरातून आलं. मेन वर होता. मी… आजी तळघरात होती रे. तिचं काही नव्हतं. माझं होतं.”



मग लाकडात नखी रुतली. खच्.

थांबलं.

खच्.

खाली येत होतं. एकेक पाऊल. दमलेल्या माणसाचं. ओमेल्यानच्या डोक्याच्या उंचीला आलं… त्याच्या छातीशी आलं… वरून गार श्वास लागला, असं तो म्हणाला. ओल्या लोखंडाचा वास.

आणि तिथेच थांबलं. मेणबत्ती हललीसुद्धा नाही.

 ओमेल्यान तिथेच बर्फात गुडघ्यांवर बसलेला. आजीने विचारलं, अगदी हळू, लहान मुलीसारखं.

“म्हणजे… मी नव्हते?”

“नाही आजी.”

“मी नव्हते ना रे?”

“नाही.”

“मी पाडला होता मेन?”

“पाडला होतास.”

तिने पुन्हा विचारलं. आणखी एकदा विचारलं. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर याला सोसता आलं असतं. ती फक्त तेवढंच विचारत राहिली आणि हा खाली मान घालून तेवढंच सांगत राहिला.

तळघरात उल्यानाने नाक पुसलं. “मग ओरिस्याला कळलं?” तिने विचारलं.

कळलं? त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, भरल्या टेबलापुढे. लेव्हकोच्या फोटोपुढे त्याच्या नावाचा ग्लास, ग्लासावर पावाची चकती. बोर्श, आपलं बीटाचं सूप, वाढून झालेला, मधातला गहू एकेक चमचा सगळ्यांनी घेतलेला. आणि ओमेल्यान मोत्र्या आजीला हाताला धरून आत आला. बायकांनी तोंडं फिरवली. एक म्हणाली, “हिला कशाला आणलंस रे? लाज आहे का हिला?”

“लाज मला वाटायला पाहिजे,” हा म्हणाला. आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. सगळं. वायर, मेन स्विच, चूल, छाती दाबली तेसुद्धा. मी त्या टेबलाशी बसलो होतो. पन्नास माणसं आणि चमचा वाजला नाही. ज्या बाईने तोंड फिरवलं होतं, ती आपल्या ताटात बघत बसली. मीही ताटातच बघत होतो. कारण दुकानात म्हातारी शिरल्यावर मीसुद्धा बाहेर पडलो होतो ना! आम्ही सगळेच.

ओरिस्या उठली. वाटलं, आता हिच्या हातून काहीतरी होणार. तिने आजीला आपल्या खुर्चीवर बसवलं. मग एक वाडगा भरला, ओमेल्यानपुढे ठेवला.

“जेव,” म्हणाली. “लेव्हकोच्या नावाने आलेला माझ्या दारातून उपाशी जात नाही. जेव. आणि मग पोलिसांत जा. आणि माझ्या पोरीसमोर पुन्हा येऊ नकोस.”

तो जेवला. तो बोर्श कसा गिळला असेल, देव जाणे. तसाच उठून पोलिसांत गेला. खटला चालू आहे अजून. आणि त्या दिवसापासून आपल्या डेपोत वर चढायच्या आधी माणूस दारोदार जाऊन डोळ्यांनी मेन बघून येतो. लाइनमनचा सगळ्यांत आधी. साहेबांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली.

“पण आजोबा,” मार्क्यान म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. “ओमेल्यानच्या मनाचे खेळ असतील. माणसाला अपराध खातो. चोराच्या मनात चांदणं.”

असतील बाबा. मीही तेच म्हणालो असतो. पण जेवणं झाल्यावर ओरिस्याने शाल घेतली आणि खांबाकडे निघाली. लेव्हको गेल्यापासून ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. आम्ही सगळे मागून गेलो.

खांबाखालचा बर्फ कोरा होता. दोघांच्याच खुणा होत्या, आजीच्या आणि ओमेल्यानच्या पावलांच्या, आणि त्याच्या गुडघ्यांच्या, त्याही खांबापासून हातभर लांब. खांबावर आदल्या संध्याकाळची ती काचेची साल तशीच होती. आणि त्या सालीत लोखंडी नख्यांच्या ताज्या खुणा होत्या. टोकापासून सुरू झालेल्या. डावी, उजवी, डावी, उजवी, सगळ्या उतरतानाच्या. मी तीस वर्षं लाइनमन बघतोय. चढतानाची खूण वेगळी पडते, उतरतानाची वेगळी. चढतानाची एकही नव्हती.

सगळ्यात खालची खूण ओरिस्याच्या छातीच्या उंचीला होती. तिने हातमोजा काढला आणि त्या खुणेवर तळवा ठेवून उभी राहिली.